काटकोनबाई आणि दोन अंश

काटकोनबाईंनी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. दरवर्षी वर्गातलं कुणी ना कुणी उठून विचारायचंच, "बाई, ह्या त्रिकोणमितीचा उपयोग काय?" आणि दरवर्षी बाई त्याला खाली बसवायच्या. प्रश्न आवडत नव्हता म्हणून नव्हे, उत्तर माहीत नव्हतं म्हणून. खुद्द बाईंच्या घरात साइन आणि कोसाइनला चौतीस वर्षांत कुणी एकदाही कामाला लावलं नव्हतं.

काटकोनबाई हे नाव मुलांनी ठेवलेलं. फळ्यावर त्रिकोण काढला की त्याच्या कोपऱ्यात काटकोनाचा छोटा चौकोन काढल्याशिवाय बाईंचा खडू खाली येत नसे. घरीही तेच. चादरीचे चारही कोपरे गादीच्या कोपऱ्यांशी जुळलेले, डबे कपाटाच्या कडेला समांतर, आणि भिंतीवरचं कॅलेंडर बोटभर कललं तर हातातला घास ताटात ठेवून आधी ते सरळ. त्यांचे यजमान आप्पा मुद्दाम जाता-येता कॅलेंडरला धक्का लावायचे. अडतीस वर्षांच्या संसारात एवढी करमणूक हवीच.

आप्पा पाणीखात्यात होते. कुठली नळवाहिनी कुठून न्यायची, कुठे पाणी चढेल, कुठे तुंबेल हे जमिनीकडे नुसतं बघून सांगायचे. बोलणं कमी. आयुष्यभर पाण्याला वाट दाखवली आणि त्याच पाण्यानं न्हाणीघराच्या दारात दगा दिला. घसरले, खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, घरी आले, काठीच्या आधाराने दहा पावलं टाकू लागले. त्यापुढे मात्र चाकांची खुर्ची.

घराच्या दारासमोर एक कट्टा, कट्ट्याला तीन पायऱ्या, खाली काँक्रीटचं अंगण आणि मग फाटक. पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या, पण त्यांनी आप्पांना घरात कोंडून टाकलं. सुरुवातीला एकदा शेजारच्या चौघांनी मोठ्या उत्साहानं खुर्चीसकट उचललं. एक पुढे गेला, एक मागे राहिला, आप्पा तिरपे झाले, एक चप्पल पडली आणि दुसरी लोंबकळत राहिली. खाली टेकल्यावर आप्पा शांतपणे म्हणाले, "पुन्हा कुणी पोत्यासारखं उचललंत, तर मी चावेन."

त्यानंतर चार महिने आप्पा बाहेर पडले नाहीत. नाक्यावरच्या सलूनसमोर एक बाक होता, तिथे त्यांचे तीन मित्र रोज संध्याकाळी बसायचे. ते दोनदा घरी येऊन गेले. आप्पा त्यांच्याशी दोन वाक्यं बोलले, तीही औषधांबद्दल. मग दाढी करणं सुटलं. मग वर्तमानपत्र वाचून झाल्यावर तेच पुन्हा पहिल्या पानापासून वाचणं सुरू झालं. कॅलेंडर महिनाभर सरळ राहिलं तेव्हा मात्र बाई खऱ्या घाबरल्या.

व्यायाम शिकवायला येणारी मुलगी स्पष्ट बोलणारी होती. "काकू, हाड जुळलंय. पण असेच घरात बसून राहिले ना, तर माणूस आखडेल. दाराला उतार करून घ्या, म्हणजे ते स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत जातील." आणि तिनं एक छापील कागद दिला. त्यावर लिहिलं होतं, उतार जमिनीशी पाच अंशांपेक्षा जास्त नको.

अंश! बाईंनी तो कागद तीनदा वाचला. चौतीस वर्षं ज्या पाहुण्याची वाट पाहिली तो आज दारात उभा होता, आणि तोही नवऱ्याच्या कामासाठी. त्यांनी लगेच नवी वही काढली.

उंची पंचेचाळीस. उताराची लांबी पाचशे चाळीस घेतली तर? समोरची बाजू भागिले कर्ण म्हणजे साइन, त्यावरून कोन. कॅल्क्युलेटरनं सांगितलं, पावणेपाचच्या किंचित वर. पाचाच्या आत! बाईंनी वहीत त्रिकोण काढला, कोपऱ्यात तो छोटा चौकोन काढला आणि पहिल्याच ओळीत लिहिलं, 'कट्टा आणि अंगण यांतील कोन बरोबर नव्वद.' खाली दर नव्वद सेंटिमीटरला एक याप्रमाणे पायांच्या उंच्या लिहिल्या. साडेसदतीस, तीस, साडेबावीस, अशा उतरत्या. अक्षर मोत्यासारखं.

"अहो, बघा तरी," त्या वही घेऊन खिडकीपाशी गेल्या.

आप्पांनी वहीकडे पाहिलं, मग अंगणाकडे पाहिलं. "छान आहे अक्षर," ते म्हणाले.

काम वेल्डिंगवाल्याकडे दिलं. हा बाईंचाच जुना विद्यार्थी, आता चाळिशीचा, पोट सुटलेला, पाच माणसांना कामाला लावणारा. पण बाई मुलांना हजेरीच्या नंबरानं ओळखायच्या आणि हा होता तेवीस. गावभर लोक त्याला शेठ म्हणायचे. बाईंनी "तेवीस!" म्हटलं की शेठचा हात आपोआप पाठीमागे जायचा. त्यानं वही घेतली, मोजपट्टी काढली, अंगणात उकिडवा बसला, एक डोळा मिटून फाटकाकडे बघितलं, काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"काय रे?"

"काही नाही बाई. तुम्ही लिहिलंय तसंच करतो."

त्यानं शब्द पाळला. बारा दिवसांनी लोखंडी सांगाडा आला, वर जाड पत्रा, दोन्ही बाजूंना कठडे. त्याच्या दोन माणसांनी तो कट्ट्यापासून फाटकाच्या दिशेनं सरळ बसवला. सगळे पाय जमिनीला टेकले, एकही डुगडुगत नव्हता. फक्त वर, कट्ट्याशी जिथे पत्रा घट्ट चिकटायला हवा होता तिथे दीड सेंटिमीटरची फट राहिली. "पत्रा मारून बुजवू," तेवीस घाईघाईनं म्हणाला.

बाईंना ती फट खुपली, पण त्याहून मोठं काम समोर होतं. माणसाला बसवायच्या आधी चाचणी घ्यायची. आप्पांचं वजन चौसष्ट किलो. बाईंनी तेवढ्याच वजनाची गणिताची जुनी पाठ्यपुस्तकं काट्यावर मोजून दोन पोत्यांत भरली आणि खुर्चीत पट्ट्यानं बांधली. त्यांच्या अंदाजानं खुर्ची उतरून सपाट अंगणात थोडी चालणार आणि फाटकाच्या आत थांबणार होती. फाटक उघडं होतं, कारण लोखंड आत आणायचं होतं आणि बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

बाईंनी हात सोडला.

खुर्ची आधी सभ्यपणे निघाली. मध्यावर तिची सभ्यता सुटली. खाली पोहोचेपर्यंत ती धडधडायला लागली होती, आणि अंगणात थांबायचं सोडून तिनं उलट उत्साह धरला. फाटकातून बाहेर, गल्ली आडवी पार, आणि थेट समोरच्या इस्त्रीवाल्याच्या टेबलावर. टेबल हललं, घड्या केलेल्या शर्टांचा मनोरा एका बाजूला झुकला, विचार केल्यासारखा क्षणभर थांबला आणि कोसळला. पोतं फुटून पुस्तकं रस्त्यावर पसरली.

इस्त्रीवाल्यानं इस्त्री बाजूला ठेवली, वाकून एक पुस्तक उचललं आणि मुखपृष्ठ पाहिलं. "काकू," तो म्हणाला, "ह्याच पुस्तकात मी नापास झालो होतो. आता घर शोधत आलंय."

गल्ली हसली. गॅलरीतून हसली, दुकानातून हसली. बाई लाल झाल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण एवढ्यात खिडकीतून एक आवाज आला आणि बाईंनी वळून पाहिलं. आप्पा हसत होते. गजांना धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, खोकला येईपर्यंत हसत होते. चार महिन्यांत पहिल्यांदा. बाईंना रागही आला आणि बरंही वाटलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे त्यांनी तो सगळा तेवीसवर काढला.

"तेवीस! तुला आधीच काहीतरी दिसलं होतं."

"हो बाई."

"मग बोलला का नाहीस?"

तेवीसनं पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली. "अंगणाला उतार वाटत होता. पण वहीत पहिल्याच ओळीत होतं, बरोबर नव्वद. बाईंनी लिहिलंय म्हणजे असेल. आणि नववीत मी तुमच्या फळ्यावरची चूक दाखवली होती, तेव्हा तुम्ही मला तास संपेपर्यंत बाहेर उभं केलं होतं."

"चूक होती का खरंच?"

"हो बाई. वजाचं चिन्ह राहिलं होतं."

बाई वळल्या आणि रस्त्यावर पडलेले शर्ट गोळा करायला गेल्या.

त्या दुपारी त्यांनी जेवण बाजूला ठेवून ती फट पकडली. कोन नव्वदचा असेल तर फट पडायचं कारण नव्हतं. त्यांनी कट्ट्यावर पंचेचाळीसची खूण केली, अंगणात कट्ट्यापासून तीनशेवर दुसरी खूण केली आणि दोन्ही खुणांमध्ये दोरी ताणली. काटकोन असता तर दोरी तीनशे तीन आणि वर थोडी भरली असती. भरली तीनशे पाच. पुन्हा मोजली. तीनशे पाच. तिन्ही बाजू हातात आहेत आणि कोन माहीत नाही, असं गणित त्यांनी हजार वेळा फळ्यावर घातलं होतं. कोसाइनचा नियम मांडला, तर उत्तर वजा आलं. वजा म्हणजे कोन नव्वदहून मोठा. या वेळी त्यांनी ते चिन्ह गाळलं नाही.

"ब्याण्णव!" बाई खोलीत येऊन म्हणाल्या. आवाज चोर पकडल्यासारखा. "अहो, तो काटकोन नाहीच आहे! अंगण फाटकाकडे दोन अंश उतरतंय. म्हणून पावणेपाचचे पावणेसात झाले!"

आप्पांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. "दोनच अंश. मीच ठेवला होता."

"काय?"

"सव्वीस वर्षांपूर्वी. काँक्रीट घातलं तेव्हा तू शाळेत होतीस. पाणी फाटकाकडे जायला नको? रोज अंगण धुतेस, पाणी कुठे जातं बघितलं नाहीस कधी?"

दिव्याखाली अंधार तो असा. सव्वीस वर्षं बादल्या ओतल्या आणि पाणी फाटकातून बाहेर जातं याचं बाईंना कधी नवल वाटलं नाही. त्या खुर्चीवर धप्पकन बसल्या. "आणि पंधरा दिवस मी मोजते आहे, लिहिते आहे, तर तुम्ही मूग गिळून बसलात?"

"तू खूश होतीस."

"खोटं बोलू नका."

आप्पांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. बाईंनीही मग भांडण तात्पुरतं बाजूला ठेवलं, कारण गणित अर्धवट होतं. अंगण उतरतंय हे धरून उतार पाचाच्या आत ठेवायचा तर लांबी किती लागेल? उत्तर आलं आठ मीटर साठ. फाटक होतं साडेसहा मीटरवर. म्हणजे उरलेला उतार गल्लीतून, इस्त्रीवाल्याच्या टेबलाखालून. बाईंनी पेन्सिल ठेवली. चौतीस वर्षांनी एक गणित कामाला आलं, आणि त्यानं इतकंच सांगितलं, की नवरा घराबाहेर पडू शकत नाही. त्यांना एकदम फार थकल्यासारखं वाटलं.

"भिंतीकडेनं उतार नाही," आप्पा म्हणाले.

बाईंनी मान वर केली.

"पाणी फाटकाकडे जातं. आडवं जात नाही. कट्ट्यावरून वळून घराच्या भिंतीलगत गेलीस तर तिथे जमीन सरळ आहे. तुझा नव्वद तिथे आहे. सात मीटर जागा आहे."

"मग पहिल्या दिवशीच," बाई तावातावानं खिडकीशी गेल्या आणि तिथेच थांबल्या. भिंतीलगत आप्पांची स्कूटर उभी होती, जुन्या चादरीखाली. अपघाताच्या आधीच्या रविवारी त्यांनी ती पुसली होती. या खिडकीतून, या खुर्चीतून, चार महिने तीच दिसत होती.

"ती हलवली की संपलं ना," आप्पा म्हणाले. "किक मारता येणार नाही, कळतंय मला. एवढा खुळा नाही मी. पण ती उभी आहे तोवर असं वाटतं की बरा झालो की निघायचं. आणि उतार झाला, की मी खुर्चीवाला झालो. कायमचा."

बाईंना रडू आलं, आणि रडणं त्यांना कॅलेंडर कलण्याइतकंच नापसंत होतं, म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या. चहा टाकला, तो उतू घालवला, पुन्हा टाकला. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "राहू दे ती तिथेच. मी दुसरं काही बघते." आणि हे त्यांनी अगदी मनापासून म्हटलं. संध्याकाळभर त्या वहीत नागमोडी उतार काढत बसल्या. एक तर फाटकच अडवत होता.

सकाळी बाई अंघोळ करून आल्या, तर आप्पा फोनवर होते. "तेवीस का? आप्पा बोलतोय. दोन माणसं घेऊन ये. आणि येताना स्कूटर चालवणारा एक आण. घेऊन जा ती, तुझ्या दुकानातल्या कामाला होईल. मागचा ब्रेक उशिरा लागतो, आधी तो बघ." फोन ठेवून त्यांनी बाईंकडे पाहिलं. "काय बघतेस? दाढीचं सामान दे."

स्कूटर गेली तेव्हा आप्पा आत दाढी करत होते. बाहेर आले नाहीत. आवाज दूर जाईपर्यंत वस्तरा मात्र हलला नाही, हे बाईंनी आरशात पाहिलं.

मग सांगाडा उचलून भिंतीलगत ठेवला. वरची फट नाहीशी झाली, पत्रा कट्ट्याला असा चिकटला की मध्ये कागद जाईना. बाईंचा चेहरा उजळला. पण तेवीस पातळी तपासायची पाणसळ पत्र्यावर आडवी ठेवून बघत होता, आणि त्याच्या कपाळावर आठी होती.

"बाई," तो म्हणाला. हात पाठीमागे गेला, तो त्यानं स्वतःच पुढे आणला. "बाई, चूक होतेय. हा नव्वद सेंटिमीटर रुंद आहे. भिंतीकडचे पाय ठीक, पण बाहेरचे पाय उतारावर आलेत. खुर्ची बाहेरच्या बाजूला कलेल. बाहेरच्या पायांखाली तीन सेंटिमीटरची पट्टी लागेल."

सगळे बाईंकडे बघायला लागले. बाईंनी वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला. नव्वद गुणिले दोन अंशांचा साइन. तीन पूर्णांक एक.

"तीन पूर्णांक एक," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे तुझं." मग वही मिटत, "नववीतलंही बरोबर होतं."

तेवीसनं पट्ट्या ठोकायला घेतल्या. नंतर बराच वेळ तो कारण नसताना ठोकत होता.

बाई पोती आणायला वळल्या, तर आप्पा खुर्ची घेऊन कट्ट्यावर हजर. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट. "आधी पुस्तकं," बाई म्हणाल्या.

"पुस्तकांना ब्रेक लावता येत नाही. मला हात आहेत." आणि त्यांनी खुर्ची वळवली.

बाई कठड्याला धरून बाजूनं चालत होत्या. आप्पांच्या तळव्यांखालून चाकं हळूहळू सरकत होती. एक मीटर, दोन मीटर, पाच. खाली टेकल्यावर त्यांनी खुर्ची फाटकाकडे वळवली आणि चाकं सोडून दिली. अंगणाच्या दोन अंशांनी त्यांना अलगद फाटकापर्यंत नेलं.

"मी येते बरोबर," बाई म्हणाल्या.

"नको. बाकावर बायका बसत नाहीत. आणि मला तिथे तुझी तक्रार करायची आहे."

ते गेले. बाई कट्ट्यावर बसल्या. गल्लीच्या वळणावर खुर्ची दिसेनाशी झाली तेव्हा त्या चांगल्या हुंदके देऊन रडल्या, इस्त्रीवाल्यानं पाठ फिरवून शर्टाची तीच बाही पुन्हा पुन्हा दाबली. मग त्यांनी डोळे पुसले आणि वाट बघितली. एक तास, दीड तास, दोन. चार महिने माणूस घरात बसलाय म्हणून झुरल्या होत्या, आता तो अजून आला नाही म्हणून चिडल्या.

दिवेलागणीला फाटक वाजलं. आप्पा आले, अंगणातूनच धापा टाकत. उताराला लागले, दोन मीटर चढले आणि अडकले. दोन्ही हातांनी चाकं धरून ठेवली, चेहरा लाल झाला.

"अगं ए!" ते ओरडले. "उतरताना किती म्हणालीस, पावणेपाच ना? चढताना किती आहे?"

"तितकाच."

"शक्यच नाही. पुन्हा मोज."

बाई खाली उतरून त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. हात मात्र लावला नाही, चावण्याची धमकी त्या विसरल्या नव्हत्या. आप्पांनी आणखी एक जोर लावला. खुर्ची वीतभर चढली आणि तेवढीच मागे आली.

"ढकल," आप्पा म्हणाले.

बाईंनी दोन्ही हात खुर्चीच्या मागच्या मुठींवर ठेवले आणि ढकललं.